हॅवलॉकचा शेवटचा दिवस, लाल दोरा आणि नो-फ्लायचे चोवीस तास

अंदमानची सहा दिवसांची ट्रिप होती पण पहिले चार दिवस मी भराभर सांगून टाकणार आहे, कारण मला जे सांगायचंय ते सगळं पाचव्या दिवसात आहे, म्हणजे डाइव्हिंगच्या शेवटच्या दिवसात.

आम्ही सोलापूरचे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाइंग युनिटमधे आहे, टॉवेल आणि चादरीच्या सुताला रंग मारायचा, पार्टीच्या सॅम्पलशी शेड जुळवायचा, हे माझं काम. चौदा वर्षं झाली. आमच्या शेड कार्डावर 'कोरल' नावाचा एक शेड आहे, गुलाबी आणि नारिंगीच्या मधला, एक्स्पोर्टच्या टॉवेलला हमखास लागतो. तो मी शेकडो वेळा मारलाय आणि खरं कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, एकदाही बघितलेलं नव्हतं. पोरगीनं दहावीच्या आधीच सांगून ठेवलं होतं, पप्पा परीक्षा झाली की स्कूबा शिकायचं. सुट्टी लागल्यावर एप्रिलमधे निघालो. मी, पोरगी आणि ही. हिला पाण्यात उतरायचं नव्हतं, ती म्हणाली मी किनाऱ्यावर बसून समुद्र बघते, माझी तेवढीच सुट्टी.

निघताना आईनं सिद्धेश्वराच्या देवळातून आणलेला लाल दोरा माझ्या आणि पोरीच्या मनगटाला बांधला. या दोऱ्याचं पुढं येतंय.

दिवस १

रात्री नऊला गाडी काढली, नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत पहाटे हैदराबाद, तिथून सकाळचं विमान. दुपारी पोर्ट ब्लेअर. २०२४ मधे नाव श्री विजयपुरम झालंय, पण आमचा रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणत होता. संध्याकाळी सेल्युलर जेल. मूळच्या सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीसमोर बरीच गर्दी होती आणि सगळे गप्प होते. आम्ही चार हुतात्म्यांच्या गावचे लोक, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात दिलेल्या फाश्या आम्हाला शाळेपासून पाठ, त्यामुळं तिथला फाशीघर बघताना पोरगीनं माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

दिवस २

सकाळच्या बोटीनं हॅवलॉक बेटावर. याचंही नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. डाइव्ह सेंटरवर आधी मेडिकल फॉर्म, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, ब्लडप्रेशर किती, खरं खरं लिहायचं. पोरगी सोळाची म्हणून तिच्या फॉर्मवर माझी सही. आणि आमचा इन्स्ट्रक्टर निघाला मालवणचा! सुरुवात तारकर्लीत केली आणि आता अंदमानात शिकवतोय. सोलापूर म्हणल्यावर पहिला प्रश्न, "चटणी आणलात काय?" आणली होती की, किलोभर.

दुपारी थिअरी आणि मग छातीभर पाण्यात प्रॅक्टिस. मास्कमधे पाणी भरायचं आणि नाकानं फुंकर मारून ते बाहेर काढायचं. मला पोहायला येतं, मंगळवेढ्याकडं मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलोय, पण नाकात पाणी जात असताना तोंडानं शांतपणे श्वास घेत राहायचं हे अंग ऐकत नाही. तीन वेळा वर आलो. पोरगीला पहिल्याच वेळी जमलं. चौथ्या वेळी ती समोर गुडघ्यावर बसली, माझ्या डोळ्यात बघत हातानं सावकाश, सावकाश असं करत राहिली आणि जमलं.

दिवस ३

पहिल्या दोन समुद्रातल्या डाइव्ह, बारा मीटरपर्यंत. कान, नाक, सगळं जुळवण्यातच वेळ गेला. नेमो बघितला. त्या दिवसाचं एवढंच.

दिवस ४

तिसरी आणि चौथी, अठरा मीटरपर्यंत, कारण 'ओपन वॉटर' या डाइव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादाच तेवढी. पास झालो दोघं. पण चौथ्या डाइव्हमधे एक गोष्ट झाली ती लिहायलाच पाहिजे. वळताना माझ्या फिनचा, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्याचा, धक्का एका फांद्याफांद्यांच्या कोरलला लागला आणि एक टोक तुटून खाली गेलं. माझ्या करंगळीएवढं. मला कळलंही नाही, इन्स्ट्रक्टरनं बोट करून दाखवलं. वर आल्यावर तो रागावला नाही, फक्त म्हणाला की हे फांद्यावालं जलद वाढतं तरी या एवढ्याला कितीतरी महिने लागतात, आणि गोल डोक्याचं असतं ते वर्षाला सेंटीमीटरभर वाढलं तर वाढलं. रात्री झोप लागली नाही नीट. आमच्याकडं एखादा लॉट बिघडला तर रंग उतरवून परत मारता येतो. हे परत कोण करणार.

दिवस ५

पहाटे साडेचारला जाग आली, बाहेर उजाडायला लागलेलं. तिथं घड्याळ आपलंच पण सूर्य फार लवकर, पाचनंतर लगेच ऊन आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायच्या तयारीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतरचं विमान होतं म्हणून सगळं डाइव्हिंग सकाळी अकराच्या आत संपवायचं ठरलेलं. का ते नंतर सांगतो.

साडेसहाला बोटीत. सिलिंडर रांगेत लावलेले, वेटसूट अर्धा चढवून कमरेशी बांधलेला, डिझेलचा वास, आणि समुद्र असा की ताटात तेल ओतल्यासारखा. ही पण आली होती बोटीत, पहिल्यांदाच, म्हणाली आज शेवटचा दिवस तर बघते तुम्ही काय करता ते.

उतरायच्या आधी जोडीदारानं जोडीदाराचं सामान तपासायचं. माझी जोडीदार पोरगी. तिनं माझं जॅकेट फुगवून बघितलं, वजनाचा पट्टा ओढून बघितला, रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, दोन श्वास घेत हवेच्या काट्याकडं बघितलं. काटा हलला तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. "दोनशे बार. पप्पा, ओके?" मी म्हणलं ओके. दहा वर्षांपूर्वी या पोरीच्या शाळेच्या बुटाच्या लेस मी बांधत होतो.

बार हे दाबाचं माप. दोनशे बार म्हणजे किती, तर सिलिंडर अकरा लिटरचा, त्यात दोनशे पट दाबून भरलेली, म्हणजे २२०० लिटर हवा. आमच्या गच्चीवरची टाकी दोन हजार लिटरची आहे, त्याच्यापेक्षा जरा जास्त. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं टाकी किती दिवस पुरवायची याचा हिशोब घरात सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि मला वाटतं त्याच सवयीनं आम्ही दोघं हवा पण जपून वापरत होतो. खाली गेलं की ती लवकर संपते. दर दहा मीटरला वरच्या हवेएवढा दाब वाढत जातो, म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट, आणि प्रत्येक श्वासाला हवा पण तेवढ्या पटीत जास्त लागते.

पहिली जागा होती 'द वॉल', जेटीपासून जवळच. समुद्राच्या तळातून उठलेली खडकाची भिंत, तिचा माथा दहाएक मीटरवर आणि एका बाजूनं ती खाली निळ्या अंधारात उतरत जाते. बोटीच्या काठावर बसून मास्कवर हात ठेवून पाठीमागं पडायचं. पडलो. फेस निवला आणि खाली बघितलं तर आपण गच्चीच्या कठड्यावरून बघतोय असं वाटलं, फक्त पडायची भीती नाही. नांगराच्या दोराच्या कडेनं सावकाश खाली. नाक दाबून कान मोकळे करत, परत थोडं खाली, परत कान.

भिंतीवर पंख्यासारखी कोरल, जाळीदार, माझ्या दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढी, सगळी प्रवाहाला आडवी उभी, म्हणजे वाहून येणारं खाणं गाळून घेता येतं. एका कपारीत मोरे ईल, सापासारखा लांब मासा, तोंड उघडझाप करत होती. इन्स्ट्रक्टरनं आधीच सांगितलं होतं की ती धमकावत नसते, तिचं श्वास घेणंच तसं असतं. एक लायनफिश उलटा लटकल्यासारखा, सगळे काटे पसरून, अजिबात न हलता. आणि डोक्यावरून निळ्या-पिवळ्या फ्युजिलियर माशांचा थवा गेला तो संपेचना. आमच्याकडं मागावर ताणा भरताना हजारो धागे एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात ना, तसं.

सोळा मीटरवर मी मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, खोली आणि वेळ दाखवणारं घड्याळासारखं यंत्र, बघायला हात पुढं केला आणि मनगटावरचा दोरा दिसला. तो लाल नव्हता. काळपट, शेवाळी, भिजलेल्या सुतळीसारखा. मला क्षणभर वाटलं रंग सुटला. हे वाटणं माझ्या धंद्याचं आहे, रंग गेला म्हणलं की पोटात गोळा येतो. मग डोकं चालू झालं. पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश पिऊन टाकतं, पाच-सात मीटरनंतरच लाल मरायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा, निळा शेवटपर्यंत राहतो. दोरा तसाच होता. त्याला दिसायला लागणारा उजेडच खाली पोचत नव्हता.

आम्ही शेड बघायला लाइट बॉक्स वापरतो. तोच टॉवेल उन्हासारख्या दिव्यात एक दिसतो, ट्यूबखाली दुसरा, पिवळ्या बल्बखाली तिसरा. पार्टी एका उजेडात पास करते आणि दुकानात नेल्यावर शेडमधे फरक म्हणून माल परत पाठवते. यावर मी नव्या पोरांना कितीदा सांगितलंय की शेड सुतात नसतो, सुत आणि उजेड दोघांचा मिळून असतो. चौदा वर्षं सांगतोय. पण ते मी माझ्या स्वतःच्या हाताला बघितलं सोळा मीटरवर.

मी इन्स्ट्रक्टरला खुणेनं टॉर्च मागितला. दोऱ्यावर मारला. लाल! आईनं बांधला तेव्हाचा कडक लाल. पोरगीनं पण हात पुढं केला, तिच्या दोऱ्यावर मारला, तिचे डोळे मास्कमधे मोठे झाले. मग टॉर्च भिंतीवर फिरवला आणि त्यानंतरची पाच मिनिटं मला आयुष्यभर पुरतील. जे मघापासून राखाडी-तपकिरी दिसत होतं ते सगळं पेटत गेलं. मऊ कोरलचा एक गुच्छ, कोबीच्या फुलाएवढा, मघाशी मातकट होता तो आता राणी कलरचा आणि देठाकडं जाताना पांढरट, अर्धपारदर्शक, देठातून बारीक बारीक काड्या दिसत होत्या आणि प्रत्येक टोकाला आठ पाकळ्यांचं फूल, मोहरीएवढं, उघडमीट करणारं. टॉर्च बाजूला केला की मातकट, परत आणला की राणी. तो रंग तिथं रोज असतो. कुणी दिवा घेऊन आलं नाही तरी असतो. कुठल्या रंगात कुठला रंग किती टक्के टाकला तर हा येईल असा विचार करायची मला सवय आहे, तिथं तो केला नाही.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, दोर धरून. त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. मी मनगट डोळ्यासमोर धरून ठेवलं. वर येतायेता दोरा आधी चॉकलेटी झाला, मग विटकरी, पाच मीटरवर जरा मळकट पण लालच. पोरगी दोराच्या दुसऱ्या बाजूला तशीच, मनगट धरून. आम्ही दोघं तीन मिनिटं आपापल्या हाताकडं बघत लटकलेलो होतो आणि वर बोटीचं बूड हलत होतं.

बोटीत हिनं विचारलं काय काय बघितलं, तर पोरगी म्हणाली, "आई, आजीचा दोरा." ही म्हणाली त्यासाठी एवढ्या लांब आलो होय. मग सगळं सांगितलं. तासभर बोटीतच बसायचं होतं, दोन डाइव्हच्या मधे तेवढी विश्रांती लागते. केळी आणि बिस्किटं खाल्ली.

दुसरी डाइव्ह उथळ, आठ-दहा मीटर. शेवटची. इथं भिंत नाही, पसरलेली कोरलची बाग, आणि उथळ म्हणून उजेड भरपूर. पोपटमासे चोचीनं कोरल कुरतडत होते, कान देऊन ऐकलं की खरंच कुर्र कुर्र आवाज येतो, आणि मागून त्यांच्या पांढरी वाळू पडते. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत यांचा मोठा वाटा असतो. पोरगीला एक गोल कोरल दिसलं, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं, दीड मीटर तरी व्यास. तिनं बोटांनी आकडे करून दाखवलं, मला तेव्हा कळलं नाही. वर आल्यावर सांगितलं, मधल्यापासून पाऊण मीटर, वर्षाला सेंटीमीटर धरलं तर पंच्याहत्तर वर्षं, "आजीपेक्षा मोठं आहे ते, पप्पा."

आणि त्याच्या पलीकडं पांढरं. एक अख्खा पट्टा. काही कोरल नुसती फिकी पडलेली, काही पांढरी फेक, आणि काहींवर तपकिरी शेवाळ चढलेलं, म्हणजे मेलेली, जुनी. इन्स्ट्रक्टरनं हातानं क्रॉस केलं.

ब्लीचिंग. हा शब्द माझा रोजचा. आमच्याकडं सुत आलं की ते आधी कॉस्टिक आणि पेरॉक्साइडमधे उकळायचं, त्याचा मूळचा पिवळटपणा घालवायचा, पांढरं झालं की मगच रंग धरतं. आमचं ब्लीच म्हणजे रंगाची तयारी. कोरलचं वेगळं आहे. कोरल म्हणजे बारीक जिवांची वस्ती, त्यांचं अंग जवळजवळ पारदर्शक, आणि बहुतेकांना जो रंग दिसतो तो त्यांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि बहुतेक सगळं कोरललाच देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानं गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही जोडी मोडते, कोरल शेवाळाला बाहेर टाकतं आणि आतला चुन्याचा सांगाडा पारदर्शक अंगातून पांढरा दिसायला लागतो. पांढरं झालं म्हणजे लगेच मेलं असं नाही. उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं, रंग परत येतो. नाही निवलं तर संपलं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणात झालेलं आहे.

माझ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर तापमान तीस अंश होतं. सोलापूरच्या माणसाला तीस म्हणजे काहीच नाही, निघालो त्या दिवशी आमच्याकडं बेचाळीस होतं. मला खरंच आधी वाटायचं की एका अंशानं काय होतंय. रंगाच्या भांड्यात पण एक अंश इकडं-तिकडं झाला तर शेड थोडा सरकतो, पण तो लॉट असतो. इथं आजीपेक्षा मोठं काहीतरी होतं ते एका अंशावर अडकलेलं.

पण त्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला, जुन्या मेलेल्या सांगाड्यावरच, नवीन फुटवे होते. अंगठ्याएवढे. टोकाला जांभळट, खाली पिवळसर. मी त्यांच्यापासून हातभर लांब थांबलो, फिन वर, हात छातीशी बांधून, श्वासावर वर-खाली होत. आदल्या दिवशीचं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. एक फुटवा नीट कोरल शेडचा होता, आमच्या कार्डावरचा, गुलाबी-नारिंगी. म्हणजे जवळजवळ. आमच्या शेडला ती आतून येणारी चमक नाही.

काटा ऐंशीवर आला. पन्नास राहिले असताना बोटीत असायचं हा नियम, पण इन्स्ट्रक्टरनं त्याआधीच अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे छान नाही, वर चला. पोरगीनं मान हलवली नाही म्हणून. तिच्याकडं एकशेदहा शिल्लक होते. त्यानं हसून परत अंगठा दाखवला. बोटीत मास्क काढल्या काढल्या ती म्हणाली अजून दहा मिनिटं सहज होती, तर तो म्हणाला, "घाई कित्याक? समुद्र खंय पळान जाता?" पोरगी बोटीच्या टोकाला जाऊन बसली आणि जेटी येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. मी पण गेलो नाही तिच्याजवळ. हिनं मला खुणेनं सांगितलं, राहू दे.

किनाऱ्यावर आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्याच्या टाकीत खंगाळायचं, नाहीतर मीठ धरतं. वेटसूट उलटे करून दोरीवर. लॉगबुकात भरायचं, जागा, खोली, वेळ, किती बारनं गेलो किती बारनं आलो, काय दिसलं. पोरगीनं काय दिसलंच्या रकान्यात पहिलं 'लाल दोरा' लिहिलं. इन्स्ट्रक्टरनं सही करून शिक्का मारला.

आणि मग घड्याळ चालू झालं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर विमानाचं चित्र आणि त्यावर काट. नो-फ्लाय. याचं कारण असं की हवेत जवळजवळ ऐंशी टक्के नायट्रोजन असतो, खालच्या दाबात तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो, वर आल्यावर श्वासातून हळूहळू निघतो. पण निघायच्या आत विमानात बसलो तर केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच कमी, आणि नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे व्हायला लागतात. गोटी सोडा फोडल्यावर जसा उसळतो तसं, पण सांध्यात, मणक्यात. एकच डाइव्ह असेल तर किमान बारा तास, आणि रोज रोज केल्या असतील तर अठरा तास हा सर्वसाधारण नियम, आमच्या सेंटरनं सरळ चोवीस सांगितले होते. पोरगीनं विचारलं मग सोलापूर चालतं का, ते पण उंचावर आहे. साडेचारशे मीटरच्या वर आहे खरं आपलं गाव समुद्रसपाटीपासून. इन्स्ट्रक्टर म्हणाला बरोबर विचारलंस, तीनशे मीटरच्या वर डाइव्हिंगचा हिशोब बदलतो, पण तुम्ही तिथं पोचेपर्यंत दीड दिवस झालेला असेल.

तर दुपारी नुसतं बसायचं. समोर समुद्र, आणि आत जायचं नाही. जेवायला गोविंदनगरमधे एका बंगाली काकूंच्या खानावळीत गेलो, ही गावं पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेली. भात, मसूरची डाळ, माशाचं कालवण. इन्स्ट्रक्टरला पण बोलावलं होतं. हिनं पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, भाकरीचा तुकडा मोडताना टक्क आवाज झाला आणि काकू आतनं बघायला आल्या की काय फुटलं. त्यांना दिली. आधी वास घेतला, मग चिमूटभर भातावर घेतली, मग वाटी आणली. आमचा मालवणी गडी माशाच्या कालवणात कडक भाकरी बुडवून खात होता, असं कुणी खाताना मी कधी बघितलं नव्हतं, पण मी पण करून बघितलं, भाकरी मऊ होते आणि तिखट चढतं, फार चांगलं लागतं.

चारच्या सुमारास राधानगरला. बेटाच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य तिथंच बुडतो. मागं उंचच उंच झाडं, पुढं पिठासारखी वाळू. ही पाण्याच्या कडेनं चालत शंख गोळा करत गेली, रुमालभर झाले, तुळशीच्या कुंडीत ठेवायचे म्हणून. मी म्हणलं नेता येत नाहीत, विमानतळावर बॅगा तपासतात, कोरलला तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडा पण उचलायचा नाही. ती म्हणाली हे नुसते शंख आहेत, एवढुशा शंखानं काय होतंय. तेवढ्यात रुमालात काहीतरी हललं. पोरगीनं रुमाल वाळूवर पसरला आणि आम्ही तिघं वाकून बघत बसलो. अर्ध्या मिनिटानं एका शंखातनं आधी एक नांगी, मग दोन डोळे, मग खेकडा निघून चालायला लागला, शंख पाठीवर घेऊन. मग दुसरा. मग तिसरा. पोरगी म्हणाली, "हे मोठे झाले की मोठा रिकामा शंख शोधतात. मिळाला नाही तर जुन्यातच अवघडून राहतात." हिनं एकेक शंख उचलला, कानाशी नेऊन बघितला, आणि सगळे जिथनं घेतले तिथं नेऊन ठेवले, रिकामे पण. परत आली ती म्हणाली, भाड्याचं घर आपल्याला पण किती दिवस मिळत नव्हतं, आठवतं का.

सूर्य बुडाला. पाणी तांबडं झालं, मग राणी कलर, मग जांभळट, मग राखाडी, आणि मी परत मनगट धरून बसलो होतो. अंधार पडला तसा दोऱ्याचा लाल आधी गेला. समुद्र निळसर दिसतच राहिला. खालच्यासारखंच, फक्त इथं कारण वेगळं, कमी उजेडात आपल्या डोळ्यालाच लाल आधी दिसेनासा होतो.

दिवस ६

सकाळची बोट, दुपारचं विमान. कॉम्प्युटर भाड्याचा होता तो आदल्या रात्रीच परत दिलेला, पण पोरगी बोर्डिंगच्या रांगेत मोबाइलवर तास मोजत होती, सव्वीस झाले होते. खिडकीतनं हॅवलॉककडची बेटं दिसली, भोवती फिकट हिरवा पट्टा आणि त्याच्या बाहेर एकदम गडद निळा. तिनं काचेला बोट लावून दाखवलं, जिथं रंग बदलतो ती कड, "पप्पा, भिंत अशीच असेल."

हैदराबादहून गाडी काढली तेव्हा संध्याकाळ. जहिराबादला चहा. नळदुर्गच्या पुढं खिडकी उघडली तर रात्री अकराला पण गरम वारा. घरी पोचलो साडेअकरा-पावणेबाराला. आई जागी होती, कारण नळाला पाणी आलं होतं. पिंप, हंडे, बादल्या दारात रांगेनं लागलेल्या, मोटर चालू. आमच्या बॅगा तशाच अंगणात ठेवून मी पाइप हातात घेतला आणि पोरगी बादल्या सरकवायला लागली.

आई म्हणाली, "दोरा आहे का गेला पाण्यात?"

पोरगीनं भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "बघ की आजी, इथं लालच दिसतो."